पाणी किती वाजता सुटते?

चकलीचा निकाल कढईत लागतो, लाडवाचा वळताना लागतो. पण दिवाळीनंतरच्या सहलीला कुठे जायचे याचा निकाल आमच्या घरात कधी वेळेवर लागल्याचे मला आठवत नाही. या सदराच्या वाचकांना आमचे घर आता परके राहिलेले नाही. चिंचवडच्या त्या तीन खोल्यांत माणसे पाच आणि सुट्टीचे वार चार! आमच्या ह्यांचा कारखाना चाकणला. भोसरी-चाकणकडच्या पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी हलका-जड होऊ नये म्हणून निरनिराळ्या भागांतल्या कारखान्यांना निरनिराळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला दत्ताचा वार आला. चिरंजीव हिंजवडीला संगणकापुढे बसतात, त्यांना शनिवार-रविवार. कन्या शाळेत शिकवते. तिला रविवार, आणि तोही वह्या तपासण्याचा. सासूबाईंना रोजच सुट्टी, पण एकादशी, चतुर्थी आणि प्रदोष वगळून. राहता राहिले मी. गृहिणीच्या सुट्टीचा वार अजून कोणत्याच पंचांगात छापला गेलेला नाही.

तर यंदा कन्येने फराळाच्या ताटावरच जाहीर केले, "आई, या वेळी देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत आणि आंब्याची वखारही नाही. आपण सगळे राफ्टिंगला जायचं."

सासूबाईंनी शेव मोडता मोडता विचारले, "म्हणजे काय गं?"

"आजी, रबराची मोठी फुगवलेली होडी असते. त्यात आठ-दहा जण बसायचं, हातात एकेक वल्हं घ्यायचं आणि खळाळत्या नदीतून, खडकांमधून उड्या घेत खाली जायचं."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "आणि याचे पैसे ते आपल्याला देतात, की आपण त्यांना?"

चिरंजिवांचा बेत हृषीकेशचा होता. ह्यांनी तिथल्यातिथे पाच माणसांच्या जाण्यायेण्याचा हिशेब मांडला आणि गंगामाईला घरूनच नमस्कार केला. मग कन्येने कोलाडचे नाव काढले. रायगड जिल्ह्यातले, मुंबई-गोवा रस्त्यावरचे हे लहानसे गाव कुंडलिका नदीच्या काठी आहे. रोह्याहून कोकण रेल्वे निघते, तिचे पहिलेच स्थानक कोलाड. आमच्याकडून हिंजवडी, माण, घोटवडे करीत पौडला लागायचे, मुळशीचा तलाव उजव्या हाताला ठेवीत ताम्हिणी घाट उतरायचा, की शंभर-सव्वाशे किलोमीटरांत कोकण. मुंबईहूनही जवळजवळ तेवढेच अंतर. म्हणजे डोंबिवलीच्या वन्संनाही येता येईल, हे ह्यांच्या लगेच लक्षात आले. माझ्याही आले, पण मी काही बोलले नाही.

चौकशीचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. मी तिथल्या एका संस्थेला फोन लावला. भाव विचारला, जेवणाचे विचारले, कपडे बदलायला नीट आडोसा आहे का ते विचारले. शेवटी विचारले, "यायचं किती वाजता?"

पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सकाळी लवकर या बाई. पाणी सुटलं की निघावं लागतं."

मी सवयीने विचारले, "पाणी किती वाजता सुटतं?" आणि विचारल्यावर माझे मलाच हसू आले. उभा जन्म महापालिकेच्या नळाला हा प्रश्न विचारण्यात गेला. पण नदीला पाणी सुटण्याची वेळ असते, हे मी प्रथमच ऐकत होते!

वाचकहो, त्या एका प्रश्नापायी मी दोन दिवस पुस्तके आणि नकाशे घेऊन बसले. जे समजले ते सहलीपेक्षाही मोलाचे वाटले, म्हणून तुम्हाला सांगते.

आपली मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत येते. वाकड, पिंपळे निलख, सांगवी असे आपल्या उशापायथ्याने जात ती दापोडीपाशी आपल्या पवनेला पोटात घेते, पुण्यात मुठेला भेटते, आणि पुढे भीमा, कृष्णा असे करीत बंगालच्या उपसागराला मिळते. निसर्गाचा हिशेब असा होता. पण शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीला धरण बांधले आणि या हिशेबात बदल झाला. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले. तिथे, भिरा येथे, १९२७ साली वीजघर सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याआधी १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची अशीच वीजघरे उभी राहिली होती. त्यांचे पाणी पाताळगंगेत आणि उल्हास नदीत उतरते. भिऱ्याचे पाणी वीज करून मोकळे झाले, की खाली रावळजे येथे अडवतात आणि सकाळी ठरल्या वेळी कुंडलिकेत सोडतात. कोलाडच्या होड्या चालतात त्या या पाण्यावर. म्हणून पावसाळा संपल्यावर, सह्याद्रीतले ओढे आटल्यावरही तिथे सकाळचे दोन-तीन तास नदी भरलेली असते. दुपारी खडक पुन्हा उघडे पडतात.

म्हणजे गंमत पाहा. जे पाणी आमच्या सांगवी-दापोडीवरून पूर्व समुद्राला जायचे, ते घाट उतरून, मुंबईला उजेड देऊन, रेवदंड्याजवळ पश्चिम समुद्राला मिळते. एकाच तलावाचे पाणी दोन समुद्रांना! पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले, की मुळेला तिचा वाटा मिळतो. एरवी मात्र ती बिचारी आमच्यासारखीच, नळाला पाणी कधी येते याची वाट पाहत पडून असते.

हे सगळे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोठ्या उत्साहाने सांगितले. चिरंजीव म्हणाले, "वा! म्हणजे आपल्याच पाण्यात बसायला आपण सव्वाशे किलोमीटर जायचं." ह्यांना कारखान्याची गुरुवारची सुट्टी आणि ही वीज यांचे नाते जोडण्यात रस वाटला. सासूबाई मात्र हातातला घास तसाच धरून बसल्या होत्या.

"मुळशीचंच पाणी ना ते?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग तिथं आमचं आजोळ आहे."

सासूबाईंचे माहेर पौडाकडचे, मुळेच्या काठचे, हे मला ठाऊक होते. पण त्यांच्या आईचे माहेर वरच्या मावळात होते आणि ते धरणाखाली गेले, हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे, तांबड्या मातीतली भाताची खाचरे, देवळे, घरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि महाराष्ट्राने त्यांना कायमचे 'सेनापती' केले. बापट तुरुंगात गेले, पुष्कळ शेतकरी गेले, बायकाही गेल्या. धरण मात्र पुरे झाले. शाळेच्या पुस्तकात आपण हा धडा दोन गुणांसाठी वाचलेला असतो. आपल्याच ताटाशेजारी बसलेल्या माणसाने तो आपल्या आईच्या तोंडून ऐकलेला असेल, हे कुणाच्या मनात येते?

सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात सगळ्या पोरी मामाकडे जायच्या. आम्हाला मामा होता, पण मामाचं गाव नव्हतं. तो कुठंकुठं पोटासाठी हिंडला. आई तळ्याकडे बोट करून सांगायची, ते तिथं आपलं दार. आम्हाला दिसायचं नुसतं पाणी."

जरा वेळ कुणीच बोलले नाही. मग कन्येने आजीच्या पानात भात वाढला, आणि सहल कोलाडलाच जाणार हे न बोलता ठरून गेले.

ठरले खरे, पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते मोडले. कारखान्यात कुणीतरी कुंडमळ्याची आठवण काढली होती. १५ जून २०२५, रविवार. इंदुरीजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरला असताना कोसळला. चार जण गेले, कित्येक जखमी झाले. हे ठिकाण आमच्या घरापासून तासाच्याही आतले, त्या रविवारी गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणाला ना कुणाला "कुठे आहेस?" असा फोन गेला होता. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे आणि पाहिले नसते तर बरे झाले असते असेही सर्वांना वाटले आहे.

"घरातल्या एकालाही पोहता येत नाही," हे म्हणाले, "आणि निघालेत उसळत्या नदीत!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते अक्षरशः खरे होते. मुलांना शाळेत शिकवले, संगणक शिकवला, मुलीला भरतनाट्यम शिकवले. पोहणे उद्या-उद्या म्हणत राहिले. आणि आमचे गाव तरी कसे, तर तीन नद्यांच्या कुशीतले. मधून पवना वाहते, उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला मुळा. मोरया गोसावींचे मंदिर पवनेच्या घाटावर, तुकोबांचे देहू आणि ज्ञानोबांचे आळंदी इंद्रायणीच्या काठावर. आमचे सगळे देव नदीकाठी राहायला आले आणि आम्ही त्याच नद्यांना सांडपाणी दिले. आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस तरंगतो, ही बातमी आता बातमी राहिलेली नाही. अशा पाण्यात पोराला पोहायला कोण सोडणार? मग एक पिढी नदी पुलावरून पाहत वाढते. तिला नदीची ओळखच नसते. अशी माणसे पहिला पाऊस पडला की नदी पाहायला धावतात. त्यांना पाण्याचा अंदाज नाही, काठाचा नाही, पुलाचा नाही. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली कोरडे ऊन असतानाही लोंढा येतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

सासूबाई हे सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही मुळेत पोहलो. पाठीला सुका भोपळा बांधून भाऊ ढकलून द्यायचा. लग्न होऊन इथं आले तेव्हा पवनेच्या घाटावर धुणं धुताना तळ दिसायचा. पण आषाढात आई नदीकडे फिरकू द्यायची नाही. म्हणायची, आता ती तिच्या कामात आहे, तिला हाक मारू नये." मग नातीला विचारले, "तिथं भोपळा असतो का गं?"

कन्येने अंगात घालायच्या फुगीर जाकिटाचे चित्र दाखवले. सासूबाईंनी चष्मा सावरून ते नीट पाहिले. "असतो म्हणायचा. मग जायला हरकत नाही. बिनभोपळ्याचं कुणी जाऊ नये."

माझ्या मते सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. कुंडमळ्याला किंवा भुशीला गेलेली माणसे धाडस करायला गेली नव्हती. ती भजी खायला गेली होती. जिथे धोका दिसत नाही, तिथे आपण तयारी करीत नाही. उलट जो खेळ धोक्याचा आहे हे सर्वांना मान्य असते, त्यात नियम असतात, जाकीट असते, डोक्याला शिरस्त्राण असते, ओरडणारा वाटाड्या असतो. मी ह्यांना म्हटले, "नदीची भीती घालवायची असेल, तर नदीशी कसं वागायचं ते मुलांना शिकवू या. घरात बसवून ती भीतीही जाणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यात मित्रांबरोबर चोरून धबधब्याला जाणंही थांबणार नाही." हे चिरंजिवांकडे पाहून गप्प झाले. चिरंजीव कढईतल्या चिवड्याकडे पाहू लागले. त्यावरून मला काय समजायचे ते समजले.

शेवटी मी काही अटी घातल्या. तुमच्याही घरी असा बेत शिजत असेल तर उपयोगी पडतील म्हणून इथे देते.

पहिली अट संस्थेची. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण काढले. त्याप्रमाणे असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. "नोंदणी आहे का?" हे फोनवरच विचारावे. जो या प्रश्नाला चिडतो त्याच्याकडे जाऊ नये; दूधवाल्यापासून सोनारापर्यंत हाच नियम आपण पाळतो.

दुसरी अट भोपळ्याची. जाकीट आपल्या मापाचे असावे. ते घालून, सगळे पट्टे आवळून, दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत सरकले तर ते जाकीट तुमचे नाही. बांधायला लाज वाटते म्हणून पट्टा सैल ठेवणारे पुरुष प्रत्येक होडीत एक तरी असतात असे ऐकते. आमच्या होडीत ते कोण असतील हे मला ठाऊक आहे आणि त्यांचा पट्टा मी स्वतः आवळणार आहे.

तिसरी अट ऐकण्याची. वाटाड्या निघण्यापूर्वी ज्या सूचना देतो त्या वेळी फोटो काढू नयेत. पाण्यात पडलेच तर उभे राहण्याची धडपड करायची नाही. पाय खडकांत अडकतो आणि वरून पाणी दाबते. पाठीवर आडवे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे आणि पृष्ठभागावर ठेवायचे, आणि दोरी येईपर्यंत तसेच वाहत राहायचे. हे आमच्या घरात सगळ्यांनी दिवाणखान्यातल्या सतरंजीवर करून पाहिले. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या होत्या, त्या न मागताच परत गेल्या.

चौथी अट माणसांची. चौदा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. वन्संच्या धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतले तरी त्याने काठावरच बसायचे. हृदयाचे दुखणे, पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर संकोच न करता सांगायचे आणि थांबायचे.

पाचवी अट काठावर थांबणाऱ्यांसाठी. पाणी सुटण्याच्या नदीत सकाळी कोरडे खडक पाहून पात्रात उतरू नये. धुवायला, फोटोला, कशालाही नाही. तिथल्या गावकऱ्यांना वेळ ठाऊक असते, त्यांना विचारावे. आणि घरातल्या एका तरी माणसाने पुढच्या वर्षी पोहणे शिकायचे. ही सहावी अट मी कन्येला घातली होती. तिने उलट मलाच घातली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पोहण्याचा पोशाख शिवून घेण्याची वेळ आता माझ्यावर आली आहे. शिवून मिळत नाही, विकत घ्यावा लागतो, असे कन्या म्हणते.

वाराचा प्रश्नही सुटला. शनिवार-रविवारी घाटात आणि नदीवर गर्दी; म्हणून गुरुवार ठरला. ह्यांना सुट्टी आहेच, बाकीच्यांनी रजा टाकायची. ज्या विजेने आमच्या घरातले वार फोडले, तिच्याच पाण्यासाठी ते प्रथमच एक झाले म्हणायचे.

आता सासूबाई. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना होडीत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटले, "आई, जाताना मुळशीच्या तलावाशी गाडी थांबवू. तुम्हाला आजोळ दुरून दाखवू."

त्यांनी मान हलवली. "ते मी लहानपणी खूप पाहिलं. उभं पाणी ते. मला खाली न्या, वाहतं आहे तिथं. तुम्ही होडीतून उतराल त्या जागी मला बसवा. आईच्या दारावरून आलेलं पाणी आहे, पाय तरी लावीन." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ओटी भरायला खण-नारळ नको बरं का. नदीत काही टाकायचं नाही. नुसता नमस्कार करू."

होड्या जिथे थांबतात तिथे पाणी संथ असते, बसायला जागा असते, असे त्या संस्थेच्या गृहस्थांनी सांगितले आहे. घडीची खुर्ची काढून ठेवली आहे. चकलीचा डबा, कोरडे कपडे, टॉवेल, सासूबाईंची गोळ्यांची पिशवी, सगळ्याची यादी फळीला चिकटवली आहे. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या गुरुवारी पहाटे पाचला निघायचे आहे, आणि नळाचे पाणी त्या दिवशी कुणी भरायचे यावर घरात अजून एकमत झालेले नाही.

वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. कुठेही जा, नदीला आधी नमस्कार करा, आणि भोपळा बांधल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.